ठिबक कंट्रोलरचा बोर्ड आणि सोन्याचा भाव: कामाच्या नोंदी

आमचं छोटं युनिट नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आहे. द्राक्षबागांसाठी ठिबक आणि खत सोडण्याचे कंट्रोलर बनवतो. बोर्ड बाहेरून करून घेतो, त्यावर सुटे भाग बसवणं आणि सोल्डरिंग आमच्याकडे होतं. ऑक्टोबर छाटणीच्या हंगामासाठी ५०० बोर्ड लागणार होते. त्या कामात सोन्या-चांदीच्या भावाने जे शिकवलं ते तारखेनुसार लिहून ठेवतोय. असंच काम करणाऱ्या कुणाचे तरी पैसे वाचावेत, एवढ्यासाठी.

४ ऑगस्ट २०२५

बोर्डाचं कोटेशन आलं. तोच बोर्ड, तेच गर्बर (बोर्डाच्या आराखड्याची फाइल): १६० बाय १०० मिमी, दोन थर, इमर्शन गोल्ड फिनिश (उघड्या तांब्यावर सोन्याचा अतिपातळ थर). फेब्रुवारी २०२४ मध्ये नगाला २१२ रुपये पडले होते, आता २५५. म्हणजे ४३ रुपये वाढ. कारण विचारलं तर फोनवर उत्तर एकच, सोनं महागलं.

सोनं महागलं हे खरंच. तेव्हा दहा ग्रॅम ६३ हजारांच्या आसपास होतं, आज लाखावर आहे. पण बोर्डावरचं सोनं ते किती? कागदावर हिशोब मांडला. सोन्याचा थर ०.०५ मायक्रॉन, घनता १९.३. म्हणजे एक चौरस सेंटिमीटरला ०.०९६५ मिलिग्रॅम. सगळ्या पॅडचं (सुटे भाग सोल्डर होतात त्या तांब्याच्या जागांचं) क्षेत्रफळ मोजलं, २२ चौरस सेंटिमीटर भरलं. झालं २.१ मिलिग्रॅम सोनं. आज एक मिलिग्रॅम दहा रुपयांना पडतं, तेव्हा सहा रुपये तीस पैशांना. वाढ आठ रुपयांची. मग ४३ कुठून आले?

रागाच्या भरात तसा मेल पाठवला. तो पाठवायला नको होता.

७ ऑगस्ट

भोसरीला, बोर्ड बनवणाऱ्या कारखान्यात, स्वतः गेलो. कारखान्याचे मालक शांतपणे म्हणाले, "सर, आधी तुमचं गर्बर उघडून बघू." त्यांनी मास्कचा (तांबं झाकणाऱ्या रंगाचा) थर स्क्रीनवर लावला आणि जिथे मास्क नाही तो भाग पिवळा करून दाखवला. बोर्डाचा वरचा भाग पिवळाधमक झाला.

मी फक्त पॅड मोजले होते. पण सोन्याच्या टाकीला पॅड कोणता आणि ट्रॅक (करंट वाहून नेणारी तांब्याची पट्टी) कोणता हे कळत नाही. जे तांबं उघडं आहे त्यावर आधी निकेल बसतं, मग सोनं.

त्यांनी फिनिशची लाइनही दाखवली. निकेलची टाकी, धुण्याच्या टाक्या, मग सोन्याची. सोनं येतं ते पोटॅशियम गोल्ड सायनाइडच्या रूपात, पांढऱ्या मिठासारखी पूड. त्यात वजनाने ६८.३ टक्के सोनं. बाटली तिजोरीत कुलूपबंद असते आणि काढताना दोघांच्या सह्या लागतात. टाकीत लिटरला साधारण एक ग्रॅम सोनं ठेवतात. टाकी दोनशे लिटरची, म्हणजे दोनशे ग्रॅम, आजच्या भावाने वीस लाख रुपये ८० अंशांवर तापत उभे. ऑपरेटर रॅक वर उचलतो आणि टाकीवरच थांबवून ठेवतो. पॅनेलच्या, म्हणजे अनेक बोर्ड एकत्र असलेल्या शीटच्या, खालच्या कोपऱ्यातून शेवटचा थेंब निथळेपर्यंत तो हलत नाही. मी घड्याळ लावलं, २० सेकंद. पूर्वी १० सेकंद थांबायचे, भाव वाढल्यावर २० केले. तरीही जे पाणी चिकटून पुढे जातं ते पहिल्या धुण्याच्या टाकीत साठवून रेझिनमधून गाळतात आणि सोनं परत मिळवतात.

निघताना मेलबद्दल माफी मागितली.

९ ऑगस्ट

सॉफ्टवेअरमधून उघड्या तांब्याचं क्षेत्रफळ नीट काढलं, दोन्ही बाजूंचं.

पॅड आणि भोकं: २२ चौ.सेमी.
पंपाचे आणि व्हॉल्व्हच्या कॉमनचे (सामाईक जोडणीचे) रुंद ट्रॅक, मास्क न दिलेले: ३१.
बोर्डाच्या कडेची ग्राउंडची पट्टी, स्क्रूच्या भोकांभोवतीची कडी आणि आमचा लोगो: ९.
पॅनेलच्या पट्ट्यांवरचं जाळीदार तांबं, चार बोर्डांत वाटून: १६.

एकूण ७८. म्हणजे बोर्डामागे साडेसात मिलिग्रॅम सोनं, ७५ रुपयांचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच सोन्याचे ४७ रुपये होत होते. वाढीतले २८ रुपये निव्वळ सोन्याचे निघाले. ५०० बोर्डांत पावणेचार ग्रॅम सोनं, घरातल्या एखाद्या अंगठीएवढं. त्यातलं पावणेतीन ग्रॅम जिथे सोल्डर लागतच नाही अशा जागी. पॅनेलच्या पट्ट्यांवरचं तर आम्ही बोर्ड तोडून झाले की भंगारात टाकत होतो.

तुलनेसाठी तांब्याचाही हिशोब केला. दोन्ही बाजूंच्या ३५ मायक्रॉन फॉइलमध्ये बोर्डामागे पावणेदहा ग्रॅम तांबं येतं. धातूच्या भावाने ते आठ-साडेआठ रुपयांचं. डोळ्यांना तांबं दिसतं, पैसे सोन्यात आहेत.

उरलेले १५ रुपये? मालकांनी सांगितलं की गोल्ड सॉल्टला आता आगाऊ पैसे भरावे लागतात, आणि लॅमिनेट व मजुरीही वाढली. ते मला पटलं.

१२ ते १४ ऑगस्ट

३१ चौरस सेंटिमीटरचे ते ट्रॅक उघडे का ठेवले होते? उत्तर माझ्याकडेच होतं, कारण लेआउट माझा. तीन वर्षांपूर्वी वरच्या बाजूच्या ट्रॅकवर हाताने सोल्डर चढवायचो, जास्त करंट जावा म्हणून. तेव्हा फिनिश टिनचं होतं. पुढे रिफ्लो ओव्हन (सोल्डरची पेस्ट वितळवून भाग जोडणारी भट्टी) घेतला, हाताने चढवणं बंद झालं, फिनिश सोन्याचं झालं. मास्क मात्र उघडाच राहिला. दोन लॉट असेच गेले.

मास्क बंद केला तर ट्रॅक तापेल का, हे तपासायला जुन्या बोर्डाच्या ६ मिमी ट्रॅकवर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवून १० अँपिअर सोडला. एक तास. खोलीचं तापमान ३१, ट्रॅक ४७ वर स्थिर झाला. एक एचपीची सिंगल फेज मोटर चालताना सात-आठ अँपिअर घेते, तेव्हा हे पुरेसं आहे. दुसऱ्या दिवशी तोच ट्रॅक सोल्डर चढवून पाहिला, ४४ आला. फक्त तीन अंशांचा फरक. सोल्डरचा विद्युतरोध तांब्याच्या सात-आठ पट असतो, त्यामुळे पातळ थराने फारसं काही होत नाही. ०.०५ मायक्रॉन सोन्याने तर काहीच होत नाही.

बदल ठरले. ट्रॅक मास्कखाली. पट्ट्यांवर मास्क, फक्त फिड्युशियल (मशीनला जागा ओळखायला लागणाऱ्या खुणा) उघडे. लोगो पांढऱ्या शाईत. ग्राउंड फक्त स्क्रूच्या भोकांभोवती. उघडं क्षेत्र ७८ वरून २४ वर आलं. सोनं २.३ मिलिग्रॅम, २३ रुपये.

१९ ऑगस्ट

सोनं पूर्णच काढता येईल का, हेही एकदा बघून टाकावं असं वाटलं. हॅसल म्हणजे टिन फिनिश, ओएसपी म्हणजे तांब्यावरचा पातळ सेंद्रिय थर आणि इमर्शन सिल्व्हर म्हणजे चांदीचा थर, प्रत्येकी २० बोर्ड मागवले. तिन्ही मिळून १४,८०० रुपये.

३ सप्टेंबर

गणपतीमुळे चार दिवस उशिरा आले.

शिसंविरहित हॅसल: आमचा मायक्रोकंट्रोलर बिनपायांचा, पॅडमधलं अंतर ०.५ मिमी. टिनचा थर एका पॅडवर उंच, शेजारच्यावर सपाट. सोल्डरची पेस्ट छापताना स्टेन्सिल (भोकं पाडलेला पातळ पत्रा) नीट टेकतच नाही. २० पैकी ६ बोर्डांत ब्रिज, म्हणजे शेजारचे पॅड सोल्डरने जोडले गेले. सोनं कशासाठी वापरतात ते इथे भिंगाखाली दिसलं. ते सपाट बसतं आणि निकेलला गंजू देत नाही.

ओएसपी: दोन रिफ्लोपर्यंत ठीक. नंतर वेव्हवर (वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड नेणारं मशीन) रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) भोकांत सोल्डर अर्ध्यापर्यंतच चढलं. आमच्याकडे रिफ्लो आणि वेव्हमध्ये दोन-तीन दिवस जातात, हेही कारण असावं. ज्यांची लाइन सलग चालते त्यांनी हा पर्याय जरूर पाहावा, सगळ्यात स्वस्त तोच आहे.

इमर्शन सिल्व्हर: सपाट, सोल्डरिंग सुंदर, दर सोन्याहून बराच कमी. मी जवळजवळ हाच ठरवला होता. लॉट टाकण्याआधी शेतावर ठेवून बघू म्हणून चार बोर्ड निफाड तालुक्यातल्या एका बागायतदारांच्या पंपघरात टांगले. शेजारी एक बोर्ड सोन्याचाही टांगला.

२४ सप्टेंबर

तीन आठवड्यांनी पंपघरात गेलो. चांदीचे चारही बोर्ड कडेकडेने काळे. भिंगातून पाहिलं तर काळा थर पॅडवरून उतरून मास्कवर पसरायला लागला होता. दोन पायांमधल्या जागेतही काळी रेघ. सोन्याचा बोर्ड जसाच्या तसा.

बोर्डांखाली भुरीसाठी (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगासाठी) आणलेल्या गंधकाची पोती रचलेली. आतल्या उबेत आणि ओलीत गंधक हवेत असतंच. बागायतदारांच्या आई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, धुरळणीच्या दिवसांत माझी जोडवी काळी पडत्यात. म्हणून मी ती काढूनच ठेवते बघा." तीन आठवडे आणि बोर्डांचे पैसे घालून मी जे शोधलं ते त्या माउलीला कित्येक वर्षांपासून ठाऊक होतं. आधी विचारायला हवं होतं.

एक गोष्ट त्यामुळे लक्षात आली. साध्या चिप रेझिस्टरच्या टोकांच्या आतही चांदीचा थर असतो. गंधक कडेने आत शिरलं की चांदीचं सल्फाइड होतं आणि रेझिस्टर ओपन होतो, म्हणजे आतून तुटतो. गेल्या हंगामात परत आलेल्या सात कंट्रोलरमध्ये एकच रेझिस्टर ओपन मिळाला होता आणि आम्ही तो खराब माल समजून बदलला होता. आता त्या जागी गंधकरोधक प्रकारचा रेझिस्टर घालतोय. काही पैशांचा फरक आहे.

निर्णय: सोनंच, पण कमी क्षेत्रावर. आज पीओ (खरेदीची ऑर्डर) दिला. सोनं १ लाख १३ हजारांच्या आसपास. पीओवर त्या दिवसाचा सोन्याचा दर वेगळ्या ओळीत लिहून घेतला आणि आगाऊ भरून तो बांधून टाकला. मालकांनाही हेच बरं वाटलं. कोटेशनची मुदत त्यांनी पंधरा दिवसांवरून तीन दिवसांवर आणली आहे.

१ ऑक्टोबर

दहा नमुने आले आणि माझी चूक उघड झाली. मास्क बंद करताना प्रोग्रॅमिंगचे (मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्रॅम भरण्याचे) सहा पॅडही झाकले गेले. ते पॅड त्या रुंद ट्रॅकच्या अगदी शेजारी होते आणि मी तो पूर्ण भागच निवडून बंद केला होता. प्रोग्रॅम भरणाऱ्या पिना टेकतात पण संपर्क नाही. ब्लेडने मास्क खरवडून दहा बोर्ड चालवले, पण ५०० खरवडणं शक्य नव्हतं. मास्कची नवी फिल्म काढावी लागली: ३,५०० रुपये आणि सहा दिवस. नमुने न मागवता सरळ लॉट टाकला असता तर काय झालं असतं याचा विचारही नको.

दसऱ्याची पूजा करून कामाला लागलो.

९ ऑक्टोबर

सोन्याने काल जागतिक बाजारात औंसाला ४,००० डॉलर ओलांडले. मार्चमध्ये ३,००० ओलांडले होते. आज चांदीही ५० डॉलरवर गेली. १९८० पासून चांदी त्या आकड्याजवळ जाऊन परत फिरत होती. दर बांधून ठेवला ते बरं झालं.

१३ ऑक्टोबर

चांदी किलोला दीड लाखाच्या वर. तेव्हा आमच्या वेव्ह मशीनच्या पॉटकडे लक्ष गेलं. त्यात १६० किलो सॅक ३०५ आहे: ९६.५ टक्के टिन, ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं. म्हणजे पॉटमध्ये ४.८ किलो चांदी वितळलेली. सव्वासात लाखांची. एका किलोतलं टिन साधारण तीन हजारांचं आणि तीस ग्रॅम चांदी साडेचार हजारांची. तीन टक्क्यांचा भाग साडेशहाण्णव टक्क्यांपेक्षा महाग.

मग ड्रॉस आठवला. पॉटवरची साय काढून आम्ही डब्यात साठवतो आणि भंगारवाल्याला नऊशे रुपये किलोने देतो. ती साय म्हणजे बहुतांश धातूच असतो. वर ऑक्साइड, आत अडकलेलं चांगलं सोल्डर. दोन वर्षांत दीडशे किलो दिला असेल. साडेतीन-चार किलो चांदी आपल्या हाताने उचलून दिली. या नोंदींतलं सगळ्यात मोठं नुकसान हेच, आणि ते कुठल्याही बिलावर दिसत नाही. आजपासून ड्रॉस सोल्डर पुरवणाऱ्यालाच, तपासणी करून, धातूच्या दराने.

वेव्हला चांदी लागतेच का? आमच्या साध्या भोकांच्या कामाला नाही. टिन-तांबं-निकेलचा मिश्रधातू चालतो. पॉट रिकामा करायचं ठरलं. जुना माल धातूच्या किमतीच्या ८५ टक्क्यांनी परत घेतो असं पुरवठादार म्हणाले. पण पाच दिवसांवर धनत्रयोदशी, लाइनवरच्या मुली गावी निघालेल्या. दिवाळीनंतर करू म्हटलं.

२७ आणि २८ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीत चांदी घसरली. विकली तेव्हा १ लाख ४२ हजार धरली गेली. तेरा तारखेला दिली असती तर १ लाख ५५ हजार मिळाले असते. माल १५१ किलो, तपासणीत चांदी २.९ टक्के. उशिराची किंमत साधारण ४८ हजार. पण चांदीवर सट्टा खेळणं हे आमचं काम नाही, आणि सुट्टी रद्द केली नाही याचं मला वाईट वाटत नाही.

हातात नऊ लाख आले. नवा मिश्रधातू १५१ किलो, ५ लाख २८ हजारांचा. उरलेले पैसे सरळ खेळत्या भांडवलात.

पॉट उपसण्याचं काम दोघांनी मिळून केलं. चेहऱ्यावर शिल्ड, कातडी हातमोजे, साचे आधी तापवून कोरडे केलेले. साच्यात पाण्याचा एक थेंब जरी असला तरी धातू उडतो, म्हणून इथे घाई करू नका. तळाशी नऊ किलो राहिलं, ते निघेना. तसंच नवं भरलं. त्यातून नव्या पॉटमध्ये ०.१६ टक्के चांदी आली, ती काही बिघडवत नाही.

पहिला दिवस वाया गेला. नवा धातू २२७ अंशांवर वितळतो, जुना २१७ ते २२० वर. पॉट २५५ वरून २६२ केला तरी रिलेच्या जाड पायांची भोकं भरेनात. प्रीहीट १५ अंशांनी वाढवलं, कन्व्हेयर मिनिटाला १.२ मीटरवरून १ वर आणला, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं रसायन) थोडा वाढवला. संध्याकाळी सहाला पहिला बोर्ड मनासारखा निघाला. लाइनवरच्या ताईंनी उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाल्या, "चमक कमी आहे, पण भरलंय बरोबर."

रिफ्लोच्या पेस्टमध्ये सॅक ३०५च ठेवलं आहे. बारीक पॅडच्या कामात मी एवढ्यात धोका घेणार नाही, आणि पेस्ट बोर्डाला जेमतेम दीड ग्रॅम लागते.

६ नोव्हेंबर

५०० बोर्डांचं काम पूर्ण झालं. एक्सरेवर मोजलेला सोन्याचा थर ०.०५२ ते ०.०६१ मायक्रॉन. बोर्ड नगाला २०९ रुपये पडला. जुन्या गर्बरवर आजच्या सोन्याने तो २७० च्या पुढे गेला असता. चाचण्या, नवी फिल्म आणि माझे फुकट गेलेले दिवस धरूनही या एका लॉटमध्ये खर्च वसूल झाला. पाऊस लांबल्यामुळे बऱ्याच बागांची छाटणी पुढे गेली, म्हणून उशीर आम्हाला भोवला नाही. नेहमीच्या वर्षी भोवला असता.

आज रिले पुरवणाऱ्याचं पत्र आलं, डिसेंबरपासून दरवाढ, कारण चांदी. जुना रिले कापून उघडला. संपर्काचा रिव्हेट तांब्याचा, वर चांदीच्या मिश्रधातूची छोटी टोपी. आमच्या बोर्डावर असे आठ रिले, प्रत्येक १० अँपिअरचा. पंपाचा एक सोडला तर बाकी सात फक्त २४ व्होल्टचे व्हॉल्व्ह चालवतात, ते अर्धा अँपिअरही घेत नाहीत. तिथे ट्रायॅक (संपर्काविना चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) पुरेल. वीस नग मागवले आहेत, सोमवारी येतील.